किबासिलाच्या नाकाची वही

मिहायो लुकांगा यांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच पत्र त्यांना तोंडपाठ होतं.

एरवी पत्रांच्या बाबतीत माणूस चोख. ताबोऱ्याच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं त्यांनी वाचनालय सांभाळलं. कधी वर्गावर गेले नाहीत, तरी गाव त्यांना म्वालिमू, म्हणजे मास्तर, असंच म्हणायचं. एकदा दुसऱ्याच कुणाच्या नावाचं पत्र चुकून त्यांच्या पेटीत पडलं, तर ते चुकून आल्याचं कळवणारं पत्रही त्यांनी लिहिलं होतं. पण किबासिलाचं पत्र गेल्या आंब्याच्या मोसमात आलं, आता दुसरा मोसम संपत आला, तरी ते टेबलाच्या खणात तसंच पडून होतं.

पत्र असं होतं:

"सुपकान्या,

जिवंत आहेस, की कानांत वारा भरून ताबोऱ्यावरून उडून गेलास? खाली उतरलास की कळव. त्या काडीसारख्या मानेवर डोसकं अजून टिकून आहे ना? तुझ्या नाकाला मुळी खांदेच नाहीत, त्यावर चष्मा राहतो कसा याचं मला इथे किसाराव्यात बसून नवल वाटतं. परवा एका बगळ्याला मी तुझ्या तंगड्यांवरून हाक मारली. मग बगळ्याची माफी मागितली.

इकडची बातमी एवढीच, की साखरेने माझा डावा पाय नेला. गुडघ्याखाली आता काही नाही.

तू काय लिहितोस ते बघू. वाट बघतोय.

तुझा मालक,
किबासिला"

किबासिला झारामो, समुद्राकडचा. मिहायो न्याम्वेझी. या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे, उटानी. पणजोबांच्या आधीपासून चालत आलेलं. न्याम्वेझीने झारामोला दिसेल तिथे गाठावं, गुलाम म्हणावं, त्याच्या नाकापासून नखापर्यंत सगळ्याची टर उडवावी. झारामोने सव्याज परत करावी. रागवायचं मात्र नाही. रागावला किंवा गप्प बसला, तर नातं तुटलं. किबासिलाचे वडील इथेच ताबोऱ्यात, मुलाकडे राहायला आले असताना वारले, तेव्हा मिहायोंचे म्हातारे वडील खणलेल्या खड्ड्यात उतरले, आडवे झाले आणि ओरडले, "अरे, हा खड्डा त्याच्या ढेरीला पुरणार नाही, रुंद करा!" रडणारी माणसं हसायला लागली आणि हसता हसता जास्त रडली. थट्टेकरी आला नाही तर मयतही अपुरी राहते.

असल्या बापाच्या पोटी मिहायो जन्मले हेच आश्चर्य. बापाचं तोंड म्हणजे उघडी तोफ, आणि मुलाच्या तोंडून शब्द निघायचा तो आधी दार किलकिलं करून बाहेर कोण आहे ते बघून.

किबासिला रेल्वेत गार्ड होता. त्याने ताबोऱ्यात बावीस वर्षं काढली. रोज संध्याकाळी कामावरून परतताना वाचनालयाच्या खिडकीशी थांबायचा आणि आतल्या शांततेत आवाज टाकायचा: "काय ढापण्या! पुस्तकं वाचतोस का पुस्तकं तुला वाचतात?" मुलं फिदीफिदी हसायची. मिहायो नुसते हसून मान खाली घालायचे. उत्तर सुचायचं, नाही असं नाही. पण ते दोन तासांनी, घरी जेवायला बसल्यावर, उगालीचा घास हातात असताना. मग ते हात धुऊन उठायचे आणि एका वहीत लिहून ठेवायचे. वहीवर त्यांनी संकोचाने 'इतर' असं लिहिलं होतं. उद्या म्हणू, असं रोज ठरायचं. किबासिला निवृत्त होऊन किसाराव्याला गेला तोपर्यंत वही भरली होती आणि त्यातलं एक अक्षरही बोललं गेलं नव्हतं.

आणि मग हे पत्र. पत्र आलं त्याच दुपारी मिहायो लिहायला बसले. 'प्रिय मित्रा, बातमी वाचून अत्यंत वाईट वाटलं.' वाचून बघितलं आणि फाडलं. आपल्या झारामोला 'प्रिय मित्रा'? दुसरा कागद घेतला. 'नाकाड्या, पाय गेला तर गेला,' आणि पुढे हात चालेना. कापलेल्या पायावर हसायचं कसं? आपल्याला धडका पाय असलेल्यालाही कधी काही बोलता आलं नाही. पाच कागद फाडले. मग उशीर झाला म्हणून लिहवेना, आणि लिहिलं नाही म्हणून उशीर वाढत गेला.

त्या मंगळवारी सकाळी ते उकडलेला कसावा चहात बुडवून खात होते. दारात कुणीतरी "होडी" म्हणून, आत येऊ का असा, आवाज दिला. दार उघडलं तर चाळिशीची एक बाई, अंगाभोवती गुंडाळलेली पिवळी कांगा, हातात प्रवासाची पिशवी. नाव आठवायच्या आधी मिहायोंनी नाक ओळखलं. तसं नाक एकाच घराण्यात होतं, बुडाशी ऐसपैस आणि टोकाला जरासं वर वळलेलं, जणू सारखा कुठून तरी मासळीचा वास येतोय. ही किबासिलाची थोरली मुलगी, मोझा. आठ वर्षांची असताना हीच खिडकीखाली उभी राहून ओरडायची, "कानवाले काका, ऊन लागतंय, जरा कान धरा ना आमच्यावर!"

मोझाने गुडघे किंचित वाकवले, नजर खाली घातली आणि म्हणाली, "शिकामू, म्वालिमू."

वडीलधाऱ्याला सगळी दुनिया शिकामू म्हणते, त्यात वावगं काही नाही. पण झारामोची मुलगी न्याम्वेझीच्या दारात येते आणि अदबीने नमस्कार करते?

"मराहबा," ते सवयीचं उत्तर पुटपुटले. "मोझा ना तू? ये, बस."

"बसते. आभारी आहे."

आभारी! मिहायोंना बसायला खुर्ची सापडेना, ते कसाव्याच्या ताटलीवरच बसणार होते.

"पोरी, तू मला काही बोलली नाहीस."

"बोलले की. शिकामू म्हटलं."

"तेच म्हणतो मी. माझे कान... आहेत ना अजून जागेवर?"

मोझाच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तिने तो आवरला. "बाबांनी सांगितलंय, ताबोऱ्याला उतरलीस आणि म्वालिमू भेटले, तर नीट वागायचं. ते आता आपले नाहीत, त्यांनी थट्टा टाकली. परक्यांशी बोलतात तसं बोलायचं आणि निघायचं."

"मी टाकली नाही गं!"

"मग पत्राला उत्तर का नाही? वर्ष झालं. आमच्याकडे पोस्टात कोण जायचं ठाऊक आहे? बाबा. काखेत काठी घेऊन, अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. पेटी उघडायचे, रिकामी बघायचे, बंद करायचे. पावसाळा लागल्यावर जायचे थांबले."

मिहायोंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत काढला.

"आता ते मागच्या खोलीतून बाहेर येत नाहीत," मोझा म्हणाली. "जो येतो तो दारातूनच 'पोले, पोले' करत येतो, वाईट झालं हो, वाईट झालं. आवाज खाली. सगळीकडे बघतील, एका पायाकडे सोडून. ज्या बाजारातल्या लोकांना बाबांनी जन्मभर चिडवलं, ते येतात आणि सभ्य बोलतात. सभ्य! बाबांशी! परवा म्हणाले, मी पुरायचा राहिलेला मुडदा आहे." तिने कांगाचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्या लेकीचं, झुवेनाचं लग्न आहे, या नाही, पुढल्या शनिवारी. बाबा येत नाही म्हणतात. म्हणे, गुडघ्याखाली मारलेली लुंगीची गाठ बघून पाहुणे डोळे पुसतील, पोरीच्या लग्नात रडारड नको. मी म्हटलं, म्वालिमू येतील, ते हसवतील. तर म्हणाले, मी मेल्यावर त्यांच्या लोकांना यावंच लागेल हसायला, पण तेव्हा मला ऐकू येणार नाही."

मिहायोंनी अर्धवट कसाव्याची ताटली बाजूला सारली.

"मला बाबांनी नाही पाठवलं," मोझा म्हणाली. "गाडी इथे तुटते, म्वांझ्याचे डबे अकराला निघतात. मी बहिणीला आणायला चाललेय, परत येईन ती लग्नाच्या आदल्या दिवशीच. म्हणून आले. दार-एस-सलामची गाडी आज संध्याकाळी आहे. तिच्यातून तुमचं पत्र गेलं तर शुक्रवारी झुवेना ते पेटीतून काढून बाबांच्या हातात देईल. उद्या टाकलंत तर पुढची गाडी शनिवारी, मग ते लग्नाच्या तोंडावर पोचेल आणि बाबांचं मन वळायला वेळ उरणार नाही. टपालाची पिशवी तीनला बांधतात, मी विचारून आले. एक पत्र लिहा, म्वालिमू. पण दया नको. दया आमच्याकडे पोत्यांनी आहे."

मिहायो उठले. त्यांच्या पायांना एवढी घाई कधी झाली नव्हती. आतल्या खोलीत जाऊन ट्रंक उघडली, कालुंदेच्या घड्या घातलेल्या जुन्या कांगा बाजूला केल्या. कालुंदे त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेली. तळातून त्यांनी वही काढली.

"हे काय?" मोझाने वाचलं. "इतर?"

"तुझ्या बापाचं नाक आहे," मिहायो म्हणाले, आणि आपणच हे मोठ्याने बोललो याची त्यांना भीती वाटली. "म्हणजे नाकापासून सुरुवात आहे. पुढे ढेरी, टक्कल, दात. बावीस वर्षांचं आहे."

"वाचा."

"मी?"

"मग काय मी? वाचा!"

त्यांनी घसा साफ केला. पहिलं वाक्य कागदातच तोंड खुपसून वाचलं. "'गाडीच्या खिडकीतून नाक बाहेर काढू नकोस, आडवा सिग्नल समजून समोरची गाडी उभी राहते.'"

मोझाने तोंडावर हात ठेवला.

"'तुझी ढेरी स्टेशनात आठला येते, तू येतोस सव्वाआठला.'" आवाज जरा वर चढला. "'तुझी बत्तीशी म्हणजे बाजार उठल्यावरचं मैदान. इथे एक उभा, तिथे एक आडवा, मधून कुत्रं निवांत जाईल. काल तू जांभई दिलीस तेव्हा मी वाळत टाकलेले शेंगदाणे आत घेतले, आभाळ आलं असं वाटलं.'"

मोझा आधी खुर्चीवर हसली, मग खुर्चीला धरून हसली, मग सरळ जमिनीवर बसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. "अहो चष्म्याला टांगलेला माणूस!" ती ओरडली. "एवढा माल त्या चिपाड छातीत भरून ठेवला होतात आणि बाहेर एक दाणा नाही? तुमच्या बरगड्या मोजून आमची झुवेना आकडे शिकली असती! मानगूट बघा, कोंबडी भाजायच्या आधीची! आणि कान, देवा, कान तर अजून वाढतायत!"

आता ती आपल्या माणसासारखी बोलत होती. मिहायोंचे ते वाढणारे कान ऊन लागल्यासारखे गरम झाले. वर्षभरात एवढं बरं त्यांना वाटलं नव्हतं. पुढचं पान उलटून ते जोरात वाचायला लागले, "'तुझ्या टकलावरून घसरून परवा एका माशीचा पाय...'"

ते थांबले. मोझाही थांबली.

"पाय मोडला," त्यांनी हळू आवाजात वाक्य पुरं केलं. वही मिटली. "हे सगळं जुनं आहे, मोझा. यात पाय नाही."

"पाय पाहिजे," मोझा डोळे पुसत म्हणाली. "बाबा नाकाचं वाचतील, ढेरीचं वाचतील, आणि शेवटी म्हणतील, बघ, पायाला भ्याला. इतरांसारखाच. पायाकडे कुणीतरी बघायला हवं, म्वालिमू." तिने पिशवी उचलली. दारात वळून म्हणाली, "आणि कान सांभाळून पोस्टात जा, वाऱ्याची दिशा बघून."

मिहायोंनी बारा वाजेपर्यंत चार कागद खराब केले. घरात सुचेना म्हणून उरलेले कागद, वही आणि लिफाफा घेऊन पोस्टाकडे निघाले. पोस्टासमोर मोठं आंब्याचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी मासेले चांभार जुन्या टायरांच्या चपला कापत बसतो. त्याच्या शेजारी किझाची आई मोठ्या कढईत मांडाझीचे गोड वडे तळते. मिहायो बाकावर बसले आणि कागदाकडे बघत राहिले.

"म्वालिमू," किझाची आई झाऱ्याने कढईतलं निथळत म्हणाली, "तासभर झाला, कागद हातातच. गिळणार आहात की काय? गिळायचंच तर हे गिळा, गरम आहे."

दीड वाजला होता. मिहायोंनी इकडेतिकडे पाहिलं आणि चांभाराकडे वाकले. "मासेले, तू पायांतला माणूस..."

"टायरांतला."

"बरं, टायरांतला. एक पाय नसलेल्या माणसाला... थट्टेने... काय म्हणतात रे?"

मासेलेची सुरी टायरात अर्ध्यावर थांबली. चौदा वर्षांत म्वालिमूंच्या तोंडून त्याने साधं 'अरे' सुद्धा ऐकलं नव्हतं. "कोणाला म्हणायचंय?"

"माझ्या झारामोला."

"झारामो!" मासेले उभाच राहिला. "किझाच्या आई, म्वालिमूंचा झारामो आहे!"

"कुठाय?" किझाच्या आईने झारा उगारला. "आलाय का? कुठाय तो माझा गुलाम?"

"किसाराव्यात आहे. पत्र लिहायचंय. तीनच्या आत," मिहायो म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. पत्र, वर्ष, काखेतली काठी, रिकामी पेटी, शनिवारचं लग्न. एवढं एका दमात ते कालुंदेच्या अंत्यविधीलाही बोलले नव्हते. पोस्टाच्या रांगेतली माणसं ऐकत ऐकत एकेक करून झाडाखाली सरकली. एक मधवाली बाई डोक्यावरचा डबा न उतरवताच उभी राहिली. स्टेशनवरचा एक हमाल आला. झारामो म्हणजे इथल्या प्रत्येकाचाच झारामो, परवानगी कशाला लागते?

"लिहा," मासेले म्हणाला. "दीडपाया!"

"दीडपाया काय, ते कुणीही म्हणेल," मधवाली म्हणाली. "ढेरी आहे का त्याला?"

"आहे. होती. असेल," मिहायो म्हणाले.

"मग लिहा, ढेरीचा एक टेकू गेलाय, भिंतीला रेलून बस, नाहीतर गडगडत समुद्रात जाशील आणि पाणी किनाऱ्यावर येईल."

"टाळकं कसं आहे?" हमालाने विचारलं.

"तुळतुळीत."

"लिहा, वर चमनगोटा आणि खाली एकच दांडा. दुरून बघणाऱ्याला वाटेल, पळी उलटी उभी केलीय."

झाडाखाली एकच हशा उठला. मिहायो भराभरा लिहीत होते, अक्षर वाकडं येत होतं, त्यांना त्याचीही पर्वा नव्हती. "माझं पण लिहा," मासेले सुरी नाचवत म्हणाला. "त्याच्या मापाची चप्पल मी आता एकच कापीन. दुसरी माझ्या बोकडाला घालीन. चालीत फरक पडायचा नाही, वासातही नाही!"

"थोबाडाचं काहीच नाही आलं अजून!"

"गालफडांचं लिहा! झारामोंची गालफडं म्हणजे..."

अडीच वाजले. मिहायोंनी लिहिलेलं वाचून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. विनोद चांगले होते, त्यांच्यापेक्षा किती तरी चांगले. पण कुणाच्याही पायाचे होते. बाजारात टांगलेल्या सदऱ्यांसारखे, कुणालाही बसतील असे. किबासिला हुशार होता. त्याला पहिल्याच ओळीला कळलं असतं की हे झाडाखाली गोळा केलंय, सुपकान्याने स्वतः काही पाहिलेलं नाही.

"मला नाही जमायचं," ते म्हणाले. "मला कधीच जमलं नाही."

किझाच्या आईने कढई खाली उतरवली. हात पुसले आणि त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. "गेलेल्या पायाचं सगळे बोलतायत. होता तेव्हा कसा होता हो तो?"

"कोण?"

"पाय!"

मिहायोंनी वर पाहिलं. वर्षभरात हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता. कापलेला पाय एवढा मोठा होऊन डोळ्यांपुढे उभा होता की त्याच्या मागचा धडका पाय दिसतच नव्हता. आणि आता दिसला. फताडा! केवढा फताडा पाय होता तो! बोटं एकमेकांशी भांडल्यासारखी फाकलेली, टाच चुलीच्या दगडाएवढी, आणि उजव्यापेक्षा जाणूनबुजून बावळट.

"तो दुसऱ्यांच्या पायावर पडायचा," ते म्हणाले. "सदा. ताबोऱ्यात असा माणूस नसेल ज्याच्या पायावर किबासिलाचा डावा पाय पडला नाही. माझ्या लग्नात..." आणि ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, चष्मा घसरेपर्यंत. "माझ्या लग्नात तो नाचायला उठला. थट्टेकरी म्हणून. आणि कालुंदेच्या, नवऱ्या मुलीच्या अंगठ्यावर... धप्प! नख काळं पडलं आणि गळून गेलं. नवं उगवलं ते वाकडंच. सव्वीस वर्षं ती मला म्हणायची, त्या झारामोचा तो फताडा एकदा कापून आण, मग मी तुला काय हवं ते रांधून घालीन."

झाडाखालची माणसं आणखी जवळ सरकली होती.

"मग बसलात काय?" किझाची आई ओरडली. "लिहा!"

त्यांनी कोरा कागद घेतला. या वेळी दोन तास थांबावं लागलं नाही.

"नाकाड्या,

उत्तराला वर्ष लागलं, कारण तुझं पत्र तुझ्या नाकाच्या सावलीत पडलं होतं, सापडेना.

डावा पाय गेला म्हणतोस. उशीरच झाला. कालुंदेच्या अंगठ्याने तो तीस वर्षांपूर्वी मागितला होता. गाडीच्या चाकाएवढा तो फताडा, त्याने ताबोऱ्यात जेवढी नखं काळी केली तेवढी काळी नखं कोळशाच्या वखारीतही नसतील. साखरेने नेला, तर साखरेला सांग, जपून, तुझ्यावरच पडेल. आता कालुंदेला वर बातमी लागली असेल आणि ती माझ्यासाठी काही तरी रांधत असेल.

पण एक ऐक. पुढल्या शनिवारी तू मांडवात आला नाहीस, तर लोक म्हणतील की सगळा रुबाब त्या फताड्याचाच होता, वर नुसतं नाक आणि ढेरी लटकत होती. तेव्हा ये आणि नाच. निम्मेच पाहुणे लंगडतील, तेवढा नफा.

मी येतोय. माझ्यासाठी पुढची खुर्ची धर, कान मावतील अशी. तुझ्या उरलेल्या पायावर पाय द्यायचाय, सगळ्यांसमोर. आणि एक वही आणतोय. त्यात बावीस वर्षांची तुझी अंगं आहेत, मोठ्याने वाचणार आहे.

तुझा मालक,
मिहायो"

"वाचा," किझाची आई म्हणाली. "मला अक्षर येत नाही. वाचा."

ते उभे राहिले. समोर वीसेक माणसं. तरी वाचलं. कालुंदेच्या अंगठ्यापाशी कुणी हसलं नाही. साखरेपाशीही नाही. मिहायोंचा आवाज बारीक होत गेला, त्यांना वाटलं, चुकलं. फार झालं. मित्राच्या जखमेत आपण बोट घातलं. शेवटची ओळ वाचून त्यांनी कागद खाली केला.

किझाच्या आईचे डोळे भरले होते. मग तिच्या पोटातून काहीतरी निघालं, वर आलं आणि फुटलं. ती एवढ्या मोठ्याने हसली की मधवालीच्या डोक्यावरचा डबा डुगडुगला. "निम्मेच लंगडतील!" तिने मासेलेच्या पाठीत एक रट्टा घातला. "निम्मेच!" मग सगळं झाड हसलं.

"पिशवी बांधतोय हो!" पोस्टाच्या खिडकीतून कारकुनाने आवाज दिला. "टाकायचं असेल ते टाका, नाहीतर शनिवार!"

मिहायो धावले. सहासष्ट वर्षांचा माणूस, एका हाताने चष्मा धरून, दुसऱ्या हातात लिफाफा. मागून मासेले ओरडला, "कान मिटा म्वालिमू, वारा अडतोय!" खिडकीशी पोचून त्यांनी लिफाफ्यावर पत्ता लिहिला आणि आत सारला. कारकुनाने तिकीट चिकटवता चिकटवता वाचलं.

"हे काय? 'किबासिला, नाकाचे मालक, किसारावे'?"

"पोचेल ना?" मिहायोंनी धापा टाकत विचारलं.

"तुमचा झारामो का?"

"माझा."

कारकून न्याम्वेझीच होता. त्याने शिक्का उचलला आणि लिफाफ्यावर दोनदा हाणला, एकाच्या जागी दोनदा. "नाकाचा पत्ता चुकत नाही," तो म्हणाला, आणि पत्र पिशवीत टाकून त्याने दोरी आवळली.